कमीतलं ठेव

दहिवलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याच्या दुकानात मी बसलो होतो. खोपोलीकडची एक बाई मोबाइलवरचा व्हिडिओ घेऊन आली. कारखान्याने नदीत सोडलेलं काळं पाणी दाखवत तिचा दीर त्यात बोलत होता. तो व्हिडिओ तिला नेटवर टाकायचा होता.

"फुल एचडी ठेवतो काकू, चेहरा झकास दिसेल," दुकानदार म्हणाला.

"नको रं, एकदम कमीतलं ठेव. दीर त्याच कारखान्यात कामाला हाय."

"मग पाणीपण फुटेल, नुसते चौकोन दिसतील."

"फुटू दे. काळं ते काळंच दिसंल."

खरं बोलणाऱ्याने तोंड लपवायचं, ही लाज कारखान्याची. दुकानदाराने क्वालिटीचा सगळ्यात खालचा आकडा निवडला. दिराच्या चेहऱ्याचे चौकोन झाले. तिने वाकून पाहिलं, मान हलवली. मग त्याचं बोलणं सुरू झालं, तशी ती थबकली.

"आन् आवाज रं? तो नाय का फुटत?"