सात तुकडे

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? — कदाचित तुम्ही महादेवीला ओळखत नाही म्हणून.

मी सोलापुरात फिजिओथेरपीच्या मुलांना शरीररचना शिकवते. 'स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड' — मान वळवली की बाजूला ताठ दिसतो तो स्नायू. नाव ऐकूनच पहिल्या वर्षाची पोरं गार होतात. मग मी त्यांना एक युक्ती दाखवते — थांबा, आधी महादेवी.

आम्ही शिकत होतो तेव्हा ती वर्गात माझ्या शेजारी बसायची. जवळच्या मंद्रूप गावची. घरात कानडी, शाळा मराठी, आणि कॉलेजात एकदम ही असली नावं. मी सोलापुरातल्याच भवानी पेठेतली, इंग्रजी शाळेतली — तरी ते नाव माझ्याच तोंडात बसेना. एकदा तिने डब्यातली कडक भाकरी माझ्यापुढे धरली. "आक्खी तोंडात कोंबतीस का? मोडूनच खातीस की!" कटाकटा सात तुकडे केले. स्टर्-नो-क्लाय-डो-मॅस्-टॉ-इड. मग बोट ठेवलं छातीच्या मधल्या हाडावर — स्टर्नो. गळ्याखालच्या आडव्या हाडावर — क्लायडो. कानामागच्या उंचवट्यावर — मॅस्टॉइड. "नावातच वाट हाय बघ. या दोन हाडांवरनं निघतो, अन् तितं जाऊन चिकटतो." मी पुन्हा कधी विसरले नाही.

तोंडी परीक्षेला आम्ही एकाच टेबलाशी होतो. सरांनी आधी मला हाच स्नायू विचारला. मी छातीपासून कानापर्यंत बोट फिरवत सगळं सांगितलं. सर खूश. "कुणी शिकवलं हे?"

"माझं मीच, सर."

काय गरज होती? तिचं नाव घ्यायला कितीसा वेळ लागला असता?

मग तिची पाळी. तोच प्रश्न. तिनेही बोट छातीवर ठेवलं — युक्ती तिचीच होती, दुसरं काय करणार? सर भडकले. "शेजारणीचं बघून लगेच नक्कल?" मग माझ्याकडे वळले. "ही तुझी पद्धत ना?"

महादेवी माझ्याकडे बघत होती. रागाने नाही — आता ही सांगेल, अशा भरवशाने.

"हो, सर," मी म्हणाले.

तिचं बोट तसंच छातीवर राहिलं, कानापर्यंत गेलंच नाही. ती त्या विषयात नापास झाली, आणि पुढच्या वर्षी आलीच नाही. चिंचोळीच्या एमआयडीसीत कुठल्याशा कारखान्यात लागली, असं ऐकलं. चिंचोळी काही लांब नाही. मंद्रूपही नाही. मी गेले नाही — मला लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त भीती.

परवा वर्गात मी नेहमीसारखी कडक भाकरी मोडून दाखवली. पोरं हसली, लगेच शिकली. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे कुणी शिकवलं?"

"कुणी नाही गं," मी म्हणाले. "माझं मलाच सुचलं."