एवढाच दाबला होता

हिंगोलीच्या दवाखान्यात शवविच्छेदनाच्या खोलीबाहेर मी कामांची यादी करत बसले होते. पाहुण्यांना फोन, लाकडं, न्यायला गाडी. माझे चुलते वारंगा फाट्याहून टेम्पोत पुढे बसून येत होते. म्हैस आडवी आली, ब्रेक लागला, काकांची छाती पुढे आदळली आणि ते जागीच गेले, असं हवालदारानं सांगितलं होतं.

तो टेम्पोवाला बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. त्याची चावी हवालदाराच्या खिशात होती. नाव मी विचारलं नाही. त्याचा उजवा पाय सारखा फरशी दाबत होता, दर वेळी आधीपेक्षा हळू.

"ताई, बराबर एवढाच दाबला व्हता," तो म्हणाला. "एवढ्यानं माणूस मरतंय व्हय?"

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले.

डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, हृदयाभोवती रक्त साचून मृत्यू झाला. पण बरगड्या शाबूत आहेत, छातीवर साधा वळही नाही. हृदयाजवळची मोठी रक्तवाहिनी आधीपासून फुगलेली होती, ती आपोआप फुटली. मार लागून नव्हे.

"सुटलास. जा आता," हवालदारानं चावी दिली.

तो गेला नाही. "गाडी सांगितली का, ताई?"

"अजून नाही."

"मंग दुसरी काहून सांगता? मीच आणलं त्यांला, मीच नेतो."

मी यादीत 'गाडी'वर खूण केली.

वाटेत सायकलवालेसुद्धा आम्हाला मागे टाकून गेले. घराच्या बरंच अलीकडे त्यानं इंजिन बंद केलं आणि टेम्पो घरंगळत दाराशी आपोआप थांबेपर्यंत वाट पाहिली.