गावाला गेलेली मुलगी

पोलीस दारात आले की ते ज्याला शोधत असतात तो माणूस आमच्या जोगेश्वरीच्या चाळीत कधीच नसतो. तो गावाला गेलेला असतो. समोरच्या खोलीत बनियनवर चहा पीत बसला असला तरी तो कोकणात असतो. हे कोणाला शिकवावं लागत नाही. मीही एकदा अशीच गावाला गेले होते, आणि तेही भूमितीच्या फेरपरीक्षेच्या दिवशी.

झालं होतं असं, की दहावीला भूमितीचा पेपर हातात आला, मी तो वाचला, पोटात दुखतंय म्हणाले आणि सटकले ती थेट लेण्यांत. तिथे गार असतं आणि कोणी प्रमेय विचारत नाही. पण गस्तीवरच्या एका हवालदार मॅडमनी मला धरलं. त्यांच्या ठाण्यात तेव्हा नवीन खूळ आलं होतं. वाया चाललेल्या पोरांना पोलिसांनी हाताशी धरून मार्गाला लावायचं, वरून ऑर्डर! मॅडमच्या वाट्याला मी आले. बिचाऱ्या.

मार्गदर्शन म्हणजे काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांना येत होती ती फक्त चौकशी. चौकीच्या वरच्या खोलीत मला समोर बसवून त्या वहीवर बोट आपटायच्या. "हा साठचा कोन कुठून आला? कोणाबरोबर आला? आधी कुठे होता?" मी रडकुंडीला यायचे. पण खरं सांगू, शेवटी प्रमेय कबुली द्यायचं.

घरी मी 'क्लासला जाते' एवढंच सांगितलं होतं. चौकीत जाते म्हटलं असतं तर आईने तंगडं मोडलं असतं. फेरपरीक्षेत पुन्हा उडालीस तर शाळा बंद, मावशीच्या कंपनीत कपड्यांचे धागे कापायला बसायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. मावशीने तर माझ्यासाठी कात्रीसुद्धा आणून ठेवली होती. काय तो उत्साह!

पेपरच्या आदल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "उद्या मी तुला स्वतः परीक्षेला हजर करणार. तुझा भरवसा नाय." मला वाटलं मस्करी करतायत.

सकाळी चाळीच्या तोंडाशी जीप थांबली. "पोलीस!" एवढंच कोणीतरी ओरडलं. आईने विचारलं नाही, सवरलं नाही, माझं तोंड दाबलं आणि मला शेजारच्या काकूंच्या पोटमाळ्यावर चढवलं. काकूंनी शिडी काढून घेतली. मी ओरडायला लागले तर त्यांनी मिक्सर लावला. वाट लागली होती नुसती! फटीतून मला सगळं दिसत होतं, भिंतीवरचं घड्याळही, आणि मिक्सरवर आवाज चढवून बोलत होते म्हणून ऐकूही येत होतं.

"कुठाय ती?" मॅडमनी विचारलं.

"गावाला गेली," आई म्हणाली.

"का?"

काकू मध्ये पडल्या. "आजी वारली ओ तिची."

आजी दारातच तांदूळ निवडत बसली होती. तिने मान डोलावली. "व्हय. अचानकच झाला."

मॅडमच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. त्यांनी हातातली कंपासपेटी आईपुढे धरली. "काल माझ्याकडे विसरली. अकराला पेपर आहे तिचा. कंपासशिवाय काय करणार?"

झाकण निसटतं म्हणून त्या पेटीला आईनेच रबर बांधलं होतं. ती पेटीकडे बघत राहिली. मग अडखळत म्हणाली, "तो क्लास... तुमच्याकडे?"

"माझ्याकडेच."

काकूंनी मिक्सर बंद केला. आता आईला बोललेलं मागे घेणं जन्मात जमलेलं नाही. तिने पोटमाळ्याकडे बघून हाक मारली, "ये गो खाली! पोचलीस मा गावावरून?"

काकूंनी शिडी लावली, मी जळमटांसकट उतरले. मॅडम म्हणाल्या, "प्रवास बरा झाला?"

पोरीला पोलिसांबरोबर एकटी पाठवणार नाय, म्हणून आईही दही-साखरेची वाटी घेऊन जीपमध्ये बसली. मॅडमनी सवयीने माझं मनगट धरलं होतं. केंद्राच्या गेटवर पोचलो तरी सोडलं नव्हतं. माझ्या पोटात दुखायला लागलं होतं, या वेळी अगदी खरं. लोक बघायला लागले तशी आई भडकली.

"सोडा ओ तिचा हात. पळणारी पोर नाय ती."

मी पहिल्या वेळी पळाले होते हे अख्ख्या चाळीला माहीत होतं. मॅडमना तर होतंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि हात सोडला.

शप्पथ सांगते, डावीकडची गल्ली मी आधीच बघून ठेवली होती. पण सकाळपासून आई माझ्यासाठी इतकं खोटं बोलली होती, की तिचं हे एक तरी खरं निघायला हवं होतं. मी दही खाल्लं, आत गेले आणि शेवटची घंटा होईपर्यंत जागेवरून हलले नाही.