केकचं मीठ

पाय प्लास्टरमध्ये होता, राइस मिलमधून रजा मिळाली होती, आणि करायला काहीच नव्हतं, म्हणून मी मुलीचं कपाट उघडलं. लग्न होऊन ती गोंदियाला गेली तेव्हा पॉलिमर क्लेचा खोका मागेच राहिला होता. ही खरी माती नसते. प्लास्टिकसारखा मऊ गोळा असतो, हवा तो आकार द्यायचा आणि भाजून घट्ट करायचा. मी कानातली मोहफुलं करायला घेतली. पहिली दोन लसणाच्या पाकळ्यांसारखी झाली. तिसऱ्यात मोहाचा फुगीरपणा आला, आणि दुखरा पाय मी विसरलो.

बायको दारातून म्हणाली, "आता जत्रेत दुकान लावून बसता का?"

"तू घालशील का, ते सांग."

"मले लसूण नाई पायजे कानात."

आमच्याकडे ओव्हन नाही. केक करायचा तर बायको जुन्या कुकरच्या तळाशी मीठ पसरते, आणि नंतर तेच मीठ पुढच्या केकसाठी डब्यात भरून ठेवते. ती उन्हाळी धानाच्या बांधीत निंदायला गेली असताना मी तेच मीठ घेतलं. फुलं चपटी होऊ नयेत म्हणून मिठातच पुरली. आच जास्त झाली. फुलं काळी पडली, घरभर उग्र वास सुटला. खाण्याची भांडी वापरू नका, असं पाकिटावर लिहिलं होतं, ते मी त्यानंतर वाचलं. खिडक्या उघडल्या, फुलं फेकली, आणि मीठ परत डब्यात भरलं. फेकायला हवं, हे कळत होतं. पण रिकामा डबा दिसला असता, तर तिने विचारलं असतं.

सातव्या महिन्यात मुलगी बाळंतपणासाठी घरी आली. तिला कैरीचं लोणचं हवं होतं. बायकोने घातलं, आणि ती रोज भाताबरोबर मागून खाऊ लागली. एका दुपारी केकच्या मिठाचा तो डबा घासून पालथा घातलेला दिसला.

"यातलं मीठ?"

"लोणच्यात टाकलं. घरातलं कमी पडलं. भाजलेलंच तर हाये."

मुलगी समोर जेवत होती, बोटं चाटत होती. मी पाणी प्यायलो. पुन्हा प्यायलो. तिने दुसरी फोड उचलली तेव्हा मी तिचं ताट ओढून घेतलं आणि सगळं सांगितलं.

बायकोने बरणी उचलून अंगणात नेली. परत येऊन एवढंच म्हणाली, "तेवा काऊन नाई बोलले?"

मी मुलीला घेऊन दवाखान्यात निघालो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेक काही होणार नाही. त्या 'बहुतेक'वर आम्ही दिवस काढतो आहोत. मुलगी रागावली नाही. पण जेवायला बसली की एकेका वाटीकडे बोट दाखवून हसत विचारते, "बाबा, हे चालते ना?" मी हो म्हणतो, आणि तिचा घास पोटात जाईपर्यंत माझा हात माझ्या ताटाकडे जात नाही.