लोकरीच्या बैलाची कास

मी एकदा बैलाला कास लावली. चांगली गुलाबी, चार सडांची. लावून झाल्यावर बैल लांबून पाहिला, जवळून पाहिला आणि स्वतःलाच म्हटलं, काय जमलाय गं बाई! वय अठ्ठावीस, बी.ए.ची डिग्री, कडेवर एक लेक, आणि अक्कल ही एवढी.

आता माझी बाजूही ऐकून घ्या. चूक डोक्याची कमी आणि हाताची जास्त होती. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं आणि नवरा तिथल्या पोलाद कारखान्यात, म्हणून आम्ही सेक्टर दहामध्ये राहत होतो. मागच्या क्वार्टरमधल्या मल्याळी बाईंनी मला क्रोशाची सुई धरायला शिकवलं होतं. त्या टेबलावरची कव्हरं विणायच्या, जाळीदार, एकसारखी, एक टाका इकडचा तिकडे नाही. माझा चौकोन कधी चौकोन झालाच नाही. एकदा तो असा काही गोळा झाला की मी वैतागून त्यात जुन्या उशीचा कापूस कोंबला, तर त्याची कोंबडी झाली. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, "आप मेजपोश छोड़ दो. आप यही बनाओ."

मग मी सुटलेच. कोंबड्या झाल्या, बकऱ्या झाल्या, मेंढी झाली, आणि शेवटी गाय. गायीचा नमुना माझा मीच बसवला, गल्लीत पोळी मागायला फाटकाशी येणाऱ्या गायी बघून. नाकाशी सहा टाके, मग फेरीफेरीने वाढवत पोटापर्यंत यायचं. पोटाशी आलं की पांढरी लोकर सोडून गुलाबी धरायची, एक छोटी वाटी विणायची, आणि तिला तीन-तीन साखळ्यांची चार सडं. ही कास म्हणजे माझ्या कलेचा कळस होता. महिला मंडळाच्या आनंद मेळ्यात बायका गाय उचलून आधी खाली बघायच्या आणि खुदकन हसायच्या. गायी हातोहात गेल्या, वर मागण्या आल्या. श्रावणापर्यंत माझा हात असा बसला की भाजीला फोडणी घालता घालता मी मनात सडं मोजत असे.

त्याच श्रावणात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे होते. तुमसरच्या पुढचं त्यांचं गाव. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला तेव्हा त्यांनी बैलजोडी गावातल्याच एकाला विकली आणि ऑपरेशनला भिलाईला आले. एका डोळ्याचं झालं होतं, त्यावर हिरवी पट्टी. दुसऱ्या डोळ्याला उजेड तेवढा कळायचा. डॉक्टरांनी महिनाभर प्रवास, धूळ, धक्का, सगळं बंद केलं होतं. आणि पोळा आला होता आठ दिवसांवर.

"मी पोळ्याले गावी जातो," मामाजी म्हणाले.

"बाबा, डोळा जाईन," माझा नवरा म्हणाला. फर्नेसची मोठी रिपेअरी चालू होती आणि त्याच्या सुट्ट्या बंद होत्या. "मी येऊ नाही शकत. एकटे कसे जासान?"

"सत्तर पोळे झाले माहे. एक बी चुकला नाही. बैल विकले म्हणून काय झालं, तोरणाखाली त्यायच्या मागं उभं त राहू देईन घेणारा. डोळा माहा हाय, गेला त माहा जाईन."

त्यांनी खरंच पिशवी भरली. दोन धोतरं, पंचा, डोळ्यात टाकायचं औषध. पोळ्याच्या सकाळी पॉवर हाऊस स्टेशनवरून पॅसेंजर पकडायची, एकट्यानं. नवरा रागावला, मग गयावया करू लागला. मामाजी बाहेरच्या खोलीत खाटेवर बसून राहायचे, ताटातलं अर्धं परत पाठवायचे. डोळा गेला तर तो परत येणार नव्हता, हे त्यांना सोडून सगळ्यांना कळत होतं. किंवा त्यांनाही कळत असावं.

मी मधे पडू शकत नव्हते, कारण आमचं बोलणं नव्हतं. भांडण नव्हे हो, रीत होती. सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि सासऱ्याशी थेट बोलायचं नाही. मी चहा ठेवताना स्टुलाला सांगायची, "चहा ठेवला म्हणा." मामाजी खिडकीला सांगायचे, "साखर जास्त झाली म्हणा." लग्नापासून चार वर्षं, भेट होईल तेव्हा आम्ही दोघं असे फर्निचरच्या मार्फत संसार करत होतो.

तर मी ठरवलं, यांना त्यांची जोडी इथेच विणून द्यायची. सिव्हिक सेंटरला जाऊन शुभ्र लोकर आणली, शिंगांना काळी. बैल मी आयुष्यात जवळून पाहिला होता तो फक्त तान्ह्या, म्हणजे पोरांच्या, पोळ्याचा, नागपूरला, माझ्या बापाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये. तो लाकडी, चाकांच्या फळीवर उभा. त्याच्या पोटाखाली पाहण्यासारखं काही नसतं. मामाजींना विचारायची सोय नव्हती. स्टुलाला तरी काय विचारणार, "बैलाच्या पोटाखाली काय असते म्हणा"? शेवटी नवऱ्याला विचारलं. तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "दोन्ही पांढरे. एकाचं डावं शिंग खाली वाकलेलं. वशिंड असते वर. अजून काय असते बैलाले?"

बास. मी बसले. दुपारी लेक झोपली की विणायला घ्यायचं. नाकाशी सहा टाके, फेरीफेरीने पोटापर्यंत... पुढचं तुम्हाला माहीत आहे. हातानं गुलाबी लोकर उचलली आणि मी अडवलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी पहिला बैल पुरा झाला होता, वाकड्या शिंगासकट. दुसऱ्याला वशिंड लावायचं राहिलं होतं. म्हटलं, आता थांबण्यात अर्थ नाही. चहाबरोबर पहिला बैल नेऊन मामाजींच्या मांडीवर ठेवला आणि स्टुलाला म्हटलं, "पोळ्याचा आहे म्हणा."

त्यांना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी हात लावला. बाजारात जनावर पारखतात तसा. आधी नाकपुडी, मग कपाळ, मग शिंगं. डाव्या शिंगावर हात आला आणि तिथेच थांबला. अंगठा त्या वाकावरून दोनतीनदा खाली गेला. मग हात मानेवरून पाठीवर, पाठीवरून शेपटीशी, तिथून पोटाखाली. तिथे तो पुन्हा थांबला. बोटांनी एक सड धरलं. दुसरं धरलं. तिसरं आणि चौथं मोजलं.

"बाई," मामाजी म्हणाले. खिडकीला नाही, मला. "हे कोणतं जनावर होय वो?"

"बैल," मी म्हटलं. मीही थेटच बोलले, घाबरल्यावर रीत कुठे आठवते?

"बैल?"

"तुमचा. वाकड्या शिंगाचा."

"शिंग त त्याचंच हाय," ते म्हणाले. "पण माह्या बैलाले मी कधी पिळलो नाही!"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो असा पडला की मी पदर तोंडात कोंबला. मामाजींचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. पण ते हसत होते, आवाज न करता, डोळ्याच्या पट्टीवर तळहात धरून. डॉक्टरांनी हसायला बंदी केली नव्हती म्हणून बरं. "दिवसभर नांगर ओढायचा अन् संध्याकाळी दूध द्यायचं! असा बैल असता त मी कावून इकला असतो वो?"

"काढून टाकते मामाजी. एक धागा ओढला की उसवते."

"थांब. आणखी पाहू दे, काय काय करून ठेवलं तं." त्यांनी वशिंडावर बोटं ठेवली आणि चुक् केलं. "हे कुठं नेऊन बसवलं? आण तुहा हात." त्यांनी माझं बोट धरून बैलाच्या खांद्यावर ठेवलं. "वशिंड इथं पाह्यजे, पुढच्या पायाच्या वर. त्याच्यापुढं जू बसते. तुह्या बैलाचं जू त कमरेवर यीन."

मग मानेखाली लोंबणारी कातडीची पोळी नाही म्हणून मला बोलणी बसली. शेपटी आखूड म्हणून बसली. एरवी मी कोणाचं ऐकून घेतलं नसतं, मल्याळी बाईंचंही नाही. त्या दिवशी एकेक ऐकत गेले. चहा केव्हाच गार झाला होता. मग त्यांनी हळद अन् तूप मागितलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात, तूप-हळद चोळतात, वर्षभर जू वाहिलं म्हणून. मी वाटीत दोन्ही कोमट करून दिलं. त्यांनी अंगठा बुडवला आणि वशिंडाच्या पुढे, जिथे जू बसायला हवं तिथे, लोकरीवर चोळला. सावकाश, दोन्ही बाजूंनी. शुभ्र लोकर पिवळी झाली. जिच्यावर मी इतक्या दुपारी घालवल्या त्या लोकरीवर डाग पडला आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

तेवढ्यात नवरा फर्स्ट शिफ्ट करून आला. सायकल लावली, दाराशी ठेवलेली भरली पिशवी पाहिली आणि तोंड पाडून म्हणाला, "बाबा, मंग सकाळच्या गाडीचं पक्कं काय?"

मामाजी बैल मांडीवरच ठेवून माझ्याकडे तोंड करून म्हणाले:

"पोरी, त्या दुसऱ्याचं वशिंड तू एकटीनं नोको लावू. उद्या सकाळी आंघोळ करून माह्यापाशी बस, मी हात लावून सांगतो कुठं बसवाचं ते. नाही त तू पोळ्याच्या दिवशी बैलाचा उंट करून ठेवशीन."