हेल्मेटवर गणपतीचा रंग

माझ्या भावाला कुणी बर्फ दाखव म्हटलं असतं, तर त्याने मच्छीवालीच्या पेटीकडे बोट दाखवलं असतं. अशा माणसाच्या मुलीला भारताच्या बायकांच्या आइस हॉकी संघात गोलकीपर म्हणून घेतलं, तेव्हा त्याला आनंद व्हायच्या आधी भीती वाटली. आणि घाबरलेला बाप काय करतो, तर अट घालतो. त्याने घातली. एकदा जाऊन बघायचं. तिच्या चुकीने मॅच गेली असं त्याला दिसलं, तर पुन्हा नाव काढायचं नाही. रोह्याच्या कंपनीत तो ऑपरेटर होता, तिथे लॅबमध्ये तिच्यासाठी शब्द टाकून ठेवलेला होता. स्केट माळ्यावर आणि मुलगी लॅबमध्ये, असं त्याचं ठरलं. पोरगी 'बरं' म्हणाली. ती तेव्हा नुकती बी.एस्सी. झाली होती आणि दिलेला शब्द पाळायचा असतो असं तिला वाटायचं. हे खूळ तिला कुणी शिकवलं देव जाणे. मी तरी नाही, आणि मी तिची सख्खी आत्या, पेणच्या शाळेत उभा जन्म शिकवण्यात घालवलेली.

स्केटिंग ती कंपनीच्या कॉलनीत शिकली. बॅडमिंटनचं सिमेंटचं कोर्ट होतं, त्यावर साहेबांच्या मुलांनी टाकून दिलेले चाकांचे स्केट घालून ही फिरायची. पुढे कॉलेजला पुण्यात गेली, तिथे चाकांवरची हॉकी खेळायला लागली. अंगावर येणारा चेंडू बघून बाकीच्या मुली बाजूला व्हायच्या, ही व्हायची नाही, म्हणून हिला गोलमध्ये उभी केली. तिथून लडाखच्या शिबिराला गेली, गोठलेल्या तळ्यावर.

आता या संघाची थोरवीही ऐका. आधी पुरुषांचा संघ बाहेरच्या देशांत खेळायला गेला तो असा हरला, की गोल मोजायचा मोजणाऱ्यालाच कंटाळा यावा. का हरणार नाहीत? वर्षातले दोन महिने तळं गोठतं तेवढाच सराव, उरलेले दहा महिने बर्फाच्या आठवणी. देशात मोठ्या मापाचं बंदिस्त मैदान एकच बांधलं, एका डोंगरातल्या शहरात. बांधलं, फीत कापली, स्पर्धा केली आणि कुलूप घातलं. बायकांचा संघ तर सगळ्यात शेवटी निघाला. लोकांकडून वर्गणी मागून त्यांची तिकिटं काढली. पॅड बाप्यांच्या मापाचे, तेही उसने, आणि जर्सीवर देशाचं नाव. बाकीच्या देशांच्या मुली लहानपणापासून बर्फावर वाढलेल्या, आणि आपण त्यांच्यासमोर कौतुकाचे हार घेऊन उभे. हार घालण्यात आपल्याला जगात कुणी हरवणार नाही.

पेणला बातमी कळली आणि आमच्या आळीतल्या गणपती मंडळाच्या अध्यक्षांना देशप्रेमाचा झटका आला. चौकात बॅनर लागला. त्यावर मुलीचा पासपोर्टचा फोटो, अध्यक्षांचा तिच्या दुप्पट, आणि मागे गवतावर हॉकी खेळणारी कुठलीतरी मुलं. मी म्हटलं, अहो, ही बर्फावरची हॉकी. ते म्हणाले, "बाई, हॉकी ती हॉकी. लोकांना काय कळतंय?" लोकांचं सोडा, यांना तरी कुठे कळत होतं.

मग त्यांना सुचलं की गोलकीपरच्या हेल्मेटवर पेणची कला दिसली पाहिजे. परदेशातले गोलकीपर हेल्मेट रंगवून घेतात, हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. हेल्मेट घेऊन ते हमरापूरला एका गणपतीच्या कारखान्यात गेले. तिथल्या रंगाऱ्याने बापड्याने गणपतीची कामं बाजूला ठेवून ते रंगवलं. डोक्यावर सोनेरी मुकुट, कानशिलाला लाल-पिवळी महिरप, कपाळावर गंध. काम देखणं होतं, खोटं का बोलू. पण रंग मूर्तीचे. आणि मूर्तीचे रंग कसे असतात हे पेणमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गणपती पाण्यात जायचा असतो. रंगारी, अध्यक्ष, माझा भाऊ, मी, आमच्यापैकी कुणाच्याही मनात आलं नाही की बर्फ म्हणजे पाणीच. आम्ही हेल्मेटला हळदकुंकू वाहिलं. नारळसुद्धा फोडला.

ती बदली गोलकीपर होती. पहिल्या मॅच बाकावर बसून काढल्या, आणि संघ त्या सगळ्या हरला. शेवटच्या मॅचला प्रशिक्षकाने तिला उभी केली. मी त्या दिवशी रोह्याला भावाकडे गेले होते. मोबाईल स्टीलच्या डब्याला टेकवून आम्ही बघत होतो आणि चित्र सारखं अडकत होतं. आइस हॉकी तीन भागांत खेळतात. पहिल्या दोन भागांत पोरीवर गोल झाले, बरेच झाले. सिमेंटवर शिकलेली मुलगी ती, बर्फावर आडवं सरकताना अर्धं पाऊल मागे राहायची आणि चेंडूऐवजी असते ती रबरी चकती तेवढ्या फटीतून आत जायची. भाऊ प्रत्येक गोलला नुसता श्वास सोडायचा. वहिनी भाजी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

तिसऱ्या भागाआधी तिने हेल्मेटच्या जाळीतून तोंडावर पाणी मारलं. सगळे गोलकीपर मारतात. आणि गणपती विरघळायला लागला. आधी गंध ओघळलं, मग मुकुट. लाल, पिवळं सगळं पाणी डोळ्यांत गेलं. समोरच्या संघातली एक मुलगी तर घाबरून पंचांना हाका मारायला लागली, तिला वाटलं रक्तच आहे. खेळ थांबवला, तोंड पुसलं, पुन्हा सुरू झाला. डोळे चोळत चोळत ती उभी राहिली. त्या भागातही एक गोल झाला आणि मॅच गेली.

पंधरवड्यात पेणला सत्कार ठेवला. हरलेल्या मुलीचा सत्कार कशाला, तर बॅनर छापून झाले होते. अध्यक्ष भाषणाला उभे राहिले आणि हात वर करून म्हणाले, आपली लेक हरलीच नाही, तिला रंगाने हरवलं. कारागिराने हलका रंग वापरला, पेणचं नाव घालवलं. हेल्मेट घेऊन स्वतः गेलेला हा माणूस. रंगारी तिसऱ्या रांगेत बसला होता. त्याला मुद्दाम बोलावलं होतं शाल द्यायला. लोक वळून त्याच्याकडे बघायला लागले, शेजारच्याने खुर्ची थोडी सरकवून घेतली. समोर मुंबईचे दोन-तीन मूर्तींचे व्यापारी बसलेले. त्याचं पोट याच गावात आणि याच लोकांवर.

माझं लक्ष भावाकडे गेलं. त्याचा चेहरा उजळला होता. मी त्याला लहानपणापासून ओळखते, त्याच्या मनात काय आलं ते मला वाचता आलं. चूक रंगाची, म्हणजे पोरीची नाही, म्हणजे अट लागू होत नाही. आदल्याच दिवशी प्रशिक्षकाचा फोन आला होता, पुढच्या शिबिराला ये म्हणून. पाठवायला त्याला कारण हवं होतं, आणि ते आयतं व्यासपीठावरून मिळालं. तिलाही ते कळलं. तिने बापाकडे पाहिलं, मग रंगाऱ्याकडे.

मी मनात म्हणत होते, गप्प बस गो. या जन्मात एकदा गप्प बस.

तिने माईक घेतला. म्हणाली, "रंग शेवटी उतरला. त्याच्या आधीचे गोल माझ्या चुकीने झाले. मी बर्फावर हळू सरकते. शेवटचा एक रंगाने झाला असेल, पण मॅच तेव्हा गेलेलीच होती." एवढं बोलून खाली बसली. टाळ्या कुणी वाजवायच्या ते लोकांना कळेना. अध्यक्षांनी घाईघाईने शाली उरकल्या. रंगाऱ्यालाही मिळाली. तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला, तर तिला लाजल्यासारखं झालं.

बाहेर येताच मी भावाला धरलं. म्हटलं, पोरगी खरं बोलली, त्याची शिक्षा देऊ नकोस. तो म्हणाला, "ताई, अट तिनंच कबूल केलेली. तीच सांगते चूक माझी, मग मी काय करू?" मी पोरीला म्हटलं, भांड की. ती म्हणाली, "आत्या, मी बरं म्हटलं होतं." शब्दाला जागणारं घराणं म्हणे आमचं. ज्याची साहेबापुढे ओव्हरटाइम नको म्हणायची छाती नाही, तो पोरीपुढे मात्र राजा हरिश्चंद्र. मला दोघांचा राग आला, आणि त्याचा आजही आहे.

ती लॅबमध्ये रुजू झाली. शिफ्ट, डबा, कंपनीची बस. तक्रार केली नाही कधी, तेच मला बघवत नसे.

पुढच्याच वर्षी तो संघ पुन्हा बाहेर गेला आणि परदेशात पहिल्यांदा मॅच जिंकला. मुली बर्फावर उभ्या राहून राष्ट्रगीत म्हणताना रडल्या, ते सगळीकडे फिरत होतं. अध्यक्षांनी पेढे वाटले, त्यांना बरा वेळ असतो. मी पेढा परत केला. दुपारी रोह्याहून भावाचा फोन आला. "ताई, बघितलंस काय गो? आपली टीम जिंकली."

मी म्हटलं, "आपली नाय. तुझी तर मुळीच नाय. तिची होती."

त्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "ती फर्स्ट शिफ्टला हाय. आता सुटेल. तूच सांग तिला, माझ्याच्यानं नाय व्हायचं."

"फोनवर रडू नकोस," मी म्हटलं. "गेटवर जा, आणि स्वतःच्या तोंडानं सांग." आणि फोन ठेवला.

तो गेला. हे मला तिनेच नंतर सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात. "बाबा गेटवर उभे होते. म्हणाले, जिंकली. मी म्हटलं, माहितेय, कँटीनमध्ये बघितली. मग ते म्हणाले, तू असतीस तर. मी म्हटलं, मी असते तर हरली असती, बाबा, तुम्हीच बघितलंत ना. मग आम्ही बसमध्ये बसलो."