आबांच्या हिरव्या गोळ्या

आमचे आबा तीस वर्षं नवागामजवळच्या कापडाच्या लूमवर उभे राहिले, म्हणून गुडघे बोलायला लागले. त्याआधी हृदयाची झडप बदलली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवणारी एक छोटी गोळी रोज संध्याकाळी, आणि महिन्याला रक्ताची तपासणी. आबा ती गोळी घड्याळ लावून घ्यायचे.

सकाळी बागेत फिरायला गेले की त्यांना एक मित्र भेटायचे, चलथाणच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडली तरी चेहरा तुकतुकीत. एक दिवस त्यांनी खिशातून हिरव्या, पारदर्शक गोळ्यांची पट्टी काढली. "व्हिटामिन ई आहे. रोज दोन घ्या. गुडघे बघा कसे पळतात ते!"

आबांनी घेतल्या. दोनाच्या तीन केल्या. पंधरा दिवसांत आरशासमोर उभे राहून मला विचारायला लागले, "फरक वाटतोय का?" मी हो म्हटलं. बापाला नाही कोण म्हणणार?

मग हातावर निळे डाग दिसायला लागले. "कुठेतरी आपटलं असेल," आबा म्हणाले. दात घासताना थुंकी लाल यायची, ब्रशच बदलला.

त्या रविवारी ते गल्लीतल्या न्हाव्याकडे दाढीला गेले. हनुवटीवर वस्तरा जरासा लागला. न्हाव्याने तुरटी फिरवली, कापूस दाबला, पावडर लावली. रक्त काही थांबेना. अर्धा तास झाला तेव्हा त्याने दुकान तसंच उघडं टाकलं, आबांना स्कूटरवर मागे बसवलं आणि घरी आणलं. एका गालावर साबण, हनुवटीवर टॉवेल. "ताई, माझा हात नाही घसरला," तो मला पुन्हा पुन्हा सांगत होता.

मी आणि आई आबांना घेऊन थेट दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पट्टी दाबून बांधली, रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला तर रक्त पाहिजे त्यापेक्षा फारच पातळ झालेलं.

"काका, बीजी कोई दवा लो छो?" आणखी काही औषध घेता का, असं डॉक्टरांनी गुजरातीत विचारलं.

"ना साहेब. एकच गोळी."

आबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या लेखी ते खरंच होतं. तेवढ्यात आई म्हणाली, "आन त्या हिरव्या गोया?"

"ती दवा थोडीच आहे! व्हिटामिन आहे."

डॉक्टर आमच्याकडे वळले आणि हिंदीत समजावू लागले. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर व्हिटामिन ई जास्त घेतलं, तर रक्त गोठायला आणखी वेळ लागू शकतो. विकत घेतलेली ताकदीची गोळी असो की आयुर्वेदिक चूर्ण, सगळं डॉक्टरला सांगायचं. मग त्यांनी आईला विचारलं, "रोज किती घ्यायचे?"

आई जरा घुटमळली. "यांच्या तीन. एखादी मी फोडून तोंडाला लावायची."

डॉक्टर हसले, मी हसले. आबा मात्र आईकडे असे बघत राहिले, जणू तिने त्यांच्या तब्येतीत वाटा मागितला होता.

हिरव्या गोळ्या बंद झाल्या. रक्ताची गोळीही डॉक्टरांनी सांगितली तेवढे दिवस थांबवली आणि पुन्हा तपासणी केली. आठवड्यात तपासणीचा आकडा जागेवर आला, डाग पिवळे पडून विरले. आबा दोन दिवस रुसले होते. गुडघ्यांसाठी आता व्यायाम शिकवणारी मुलगी घरी येते. तिच्यासमोर ते अजिबात कुरकुरत नाहीत.

मित्राला सांगायला आबा स्वतः बागेत गेले. चिडून नाही, काळजीने. कारण मित्रही रोज हृदयासाठी कसलीशी गोळी घेतात, हे त्यांना आठवलं होतं. मित्र बाकावर टेकले. मग म्हणाले, "मी तर चार प्रकारच्या गोळ्या घेतो. मला कोणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी दोघं रिक्षाने मित्राच्या डॉक्टरकडे गेले. मित्राच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत घरातल्या सगळ्या बाटल्या होत्या. आबा परत आले ते जिना चढतानाच ओरडत, "तीन बंद केल्या त्यांच्या! तीन!"